गाढवाखालची ओळ

लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "सरकारी नोकरी आहे हे कळलं, पण खुर्चीत बसून करता काय?" मी खरं ते सांगितलं. खुर्चीत बसत नाही, उकिडवा बसतो. दगडाला ओला कागद लावतो आणि त्याला ब्रशने बडवतो. आतून सासूबाईंनी विचारलं, "पेन्शन आहे ना?" पेन्शन होती, म्हणून लग्न झालं आणि आज सुकापूरच्या दोन खोल्यांत बसून मी हे लिहितो आहे.

माझ्या कामाला ‘ठसे घेणं’ म्हणतात. शिलालेख कुठेतरी रानात, नाहीतर देवळाच्या ओट्यात असतो. तो उचलून कचेरीत आणता येत नाही, म्हणून त्याचा कागदावर ठसा घेऊन यायचं. आधी दगड घासून धुवायचा. त्यावर चिवट ओला कागद चिकटवायचा. मग जाड केसांच्या ब्रशने तो इतका ठोकायचा की कागद अक्षरांच्या खाचांत जाऊन बसतो. जरा सुकला की कापडाच्या बोळ्याने हलक्या हाताने शाई टिपायची. सपाट भाग काळा होतो आणि खोलातली अक्षरं पांढरी राहतात. हात जड पडला तर अक्षर बुजतं आणि घाई केली तर कागद फाटतो. एवढंच काम, पण ते नीट यायला मला सहा वर्षं लागली. ठसा वाचायचं काम साहेबांचं. मला त्यातलं फार वाचता येत नाही हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर वाचक उगाच मला विद्वान समजतील.

या नोकरीत मी एक मोठी चूक पुन्हा पुन्हा केली. गावकऱ्यांना ‘तुमचा दगड महत्त्वाचा आहे’ असं सांगत गेलो. एका गावात बाया शिलालेखावर धुणं धूत होत्या. मी त्यांना समजावलं, हा शेकडो वर्षांचा ठेवा आहे, जपा. दोन वर्षांनी गेलो तर दगडावर देऊळ, दगडाला चांदीचे डोळे आणि अंगभर ऑइलपेंटचे चार थर. अक्षर म्हणून दिसेना. धुण्याने जे आठशे वर्षांत झालं नव्हतं ते माझ्या एका व्याख्यानाने झालं. तेव्हापासून मी सगळ्या गावांत सांगायला लागलो की दगड अगदीच फालतू आहे, वरून हुकूम आला म्हणून आलोय.

दुसऱ्या एका गावचे सरपंच ठशाची झेरॉक्स मागायला कचेरीपर्यंत आले. त्यांच्या मते तो खजिन्याचा पत्ता होता. साहेबांनी वाचून दाखवलं की देवाच्या दिव्यासाठी घाण्यावाल्यांनी दरमहा तेल द्यावं असं लिहिलंय. सरपंचांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खजिना मीच खाल्ला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या कोकणात एक खास दगड सापडतो, त्याला गधेगाळ म्हणतात. राजाने कुणाला जमीन दान दिली की हा दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली एक गाढव व एक बाई. अर्थ असा की जो ही जमीन हडपेल त्याच्या आईला... पुढचं दिवाळी अंकात छापता येणार नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र पाहून समजावं, अशी सोय होती. गंमत म्हणजे आज बऱ्याच गावांत या शिवीला शेंदूर लावून पुजतात. मुलगा पास व्हावा म्हणून तिला नवस बोलतात.

असाच एक गधेगाळ आता जिथे विमानतळाची जमीन आहे त्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावात होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात माझी लाज आहे, त्यांची नाही. तेव्हा मी तिशीत होतो. दुपारपर्यंत ठसा छान निघाला. नियम असा की दगड पार तळापर्यंत मोकळा करून पाहायचा. हा दगड गाढवाच्या खुरापर्यंत मातीत होता. कुदळ मागवायची होती, तेवढ्यात समोरच्या घरातून निरोप आला की जिताड्याचं कालवण तयार आहे, पाहुण्यांनी गरम असताना जेवावं. जिताडा हा खाडीतला मासा, पण त्याची चव काय हे पनवेल-उरणच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मी मातीकडे पाहिलं, कालवणाचा वास घेतला आणि मनाशी म्हटलं, गाढवाच्या पायाखाली कोण कशाला लिहील? ब्रश धुतले आणि पानावर जाऊन बसलो. दोन वेळा भात घेतला.

कचेरीत परत आल्यावर नोंदीचा कागद भरायचा असतो. त्यात एक रकाना होता: चित्राखालील भाग. मी लिहिलं, ‘कोरा’. साहेबांनी खाली सही केली. हा शब्द लिहायला मला जितका वेळ लागला तितकाही विचार मी त्यानंतर कधी त्याचा केला नाही.

निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली आणि मागच्या हिवाळ्यात पनवेलच्या एका कॉलेजातून फोन आला. मध्ययुगाच्या अभ्यासाची तीन दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद भरत होती आणि समारोपाला माझा सत्कार करायचं ठरलं होतं. ठसे घेणाऱ्याचा सत्कार मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. सौभाग्यवतींना सांगितलं तर म्हणाल्या, नीट विचारा, नाव चुकलं असेल. नाव चुकलेलं नव्हतं. मी नवा शर्ट घेतला.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण चहा वाईट होता. परिषद मात्र दांडगी. एकाच वेळी सहा वर्गांत निबंध वाचले जात. आंतरराष्ट्रीय अशासाठी की एक गृहस्थ नेपाळहून आले होते आणि एक जर्मन बाई पडद्यावरून बोलल्या. त्यांचे ओठ हलले पण आवाज काही आला नाही. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दारातच एक पिशवी मिळाली, तिच्यात वही आणि न उमटणारं पेन. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, बारा झाली की एक घंटा, पंधराला दोन. पहिल्या घंटेनंतर निबंध वाचणारा "वेळेअभावी" असं म्हणतो आणि आणखी दहा मिनिटं वाचतो. नंतर प्रश्नोत्तरं. त्यात प्रश्न कुणीच विचारत नाही. उठणारा प्रत्येक जण म्हणतो, "माझा प्रश्न नाही, टिप्पणी आहे," आणि स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलतो.

मला सर्वांत मजा आली ती गधेगाळाच्या चर्चेची. आमच्या हमालाने पूर्वी त्या चित्राबद्दल जे शब्द वापरले होते त्यापायी साहेबांनी त्याला मेमो दिला होता. इथे तेच चित्र भिंतीएवढं करून पडद्यावर लावलं होतं आणि सभ्य स्त्री-पुरुष खारी बुडवत इंग्रजीत त्याच्याबद्दल बोलत होते. इंग्रजीत कशाचीच लाज वाटत नाही.

जेवणाच्या रांगेत मात्र सगळी मध्ययुगीन माणसं आजची होतात. मागून पुढे घुसणारे एक प्राध्यापक सकाळीच बारा बलुतेदारांच्या शिस्तीवर बोलले होते. आणि प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कुणी हलत नाही. बढतीला ते लागतं. त्यामुळे समारोपाला जी गर्दी असते तिला ज्ञानाची ओढ समजू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी नोंदणीच्या टेबलावर मला माझंच सन्मानपत्र दिसलं, फ्रेम करून ठेवलेलं. मी चष्मा लावून वाचलं. ‘ज्यांच्या ठशातून एक वेलांटीही कधी सुटली नाही, अशा अचूकतेच्या उपासकास.’ वाचून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तसाच फुगत पहिल्या वर्गात जाऊन पुढच्या रांगेत बसलो.

शेजारी साठीपलीकडच्या एक बाई बसल्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर परिषदेची पिशवी. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "तुमी तेच ना, दगडाला कागद लावणारे? आमच्याकडं जिताडा खाल्लेला?"

त्या ताराबाई. त्या वेळी नुकतं लग्न होऊन त्या घरात आल्या होत्या आणि ते कालवण त्यांनीच केलं होतं. मी दोन वेळा भात घेतल्याचंही त्यांच्या लक्षात होतं. आज त्यांची मुलगी भारती निबंध वाचणार होती. भारती त्याच कॉलेजात तासांवर शिकवते. तिची पीएच.डी. जवळजवळ पुरी झालेली, पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता. गावातली अशी ती पहिलीच. आई तिचं बोलणं ऐकायला करंजाड्याच्या फ्लॅटमधून रिक्षाने आली होती. विमानतळामुळे गाव आता तिथे उरलं नाही, माणसं नव्या वसाहतींत पांगली आहेत.

भारती उठली आणि पडद्यावर माझा ठसा आला. इतक्या वर्षांनी तो पाहून मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. पोरगी बोलायलाही छान. ती म्हणाली, बाकी दानलेखांत शेवटी साक्षीदारांची, गावच्या माणसांची नावं असतात, या एकाच दगडात नाहीत. चित्राखालचा भाग कोरा आहे, तशी नोंद आहे. मग पानावरून नजर उचलून ती म्हणाली, "माझ्या माणसांची मिठागरं दान दिली गेली, पण त्यांचं नाव कोरावं असं कुणाला वाटलं नाही. आमचं गाव तेव्हाही बिननावाचं होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचे मार्गदर्शक डॉ. निमकर समाधानाने मान हलवत होते. दगडाच्या कोरेपणावर त्यांनी स्वतःही एक पुस्तक लिहिलं आहे, हे मला नंतर कळलं.

ताराबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "कोरा कुटं? खाली अक्षरं हायत की."

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? त्यांनी सांगितलं ते असं. जत्रेच्या आदल्या दिवशी गावच्या सुना दगडापाशी जात, सभोवतालची माती हाताने काढत आणि दगड पार बुडापर्यंत धूत. नारळाच्या काथ्याने घासताना खाली बोटांना खाचा लागायच्या, अशा ओळीने. हे काम सुनांचंच, माहेरवाशिणींनी तिकडे जायचं नाही. भारती शाळेत जायच्या आधीच तिथे सिमेंटचा ओटा झाला आणि ते धुणं बंद पडलं. मी विचारलं, मग मुलीला सांगितलं नाहीत? त्या म्हणाल्या, "तिनं इचारलंच नाय." तीन वर्षं पोरीने पुण्या-मुंबईची दप्तरं पालथी घातली होती. घरात कालवण ढवळणाऱ्या आईला विचारायचं तिला कुणी सुचवलं नव्हतं.

त्या वर्गात पंखा चालू होता तरी मला घाम फुटला. मला वाचता येत नसलं तरी शेकडो ठसे घेऊन एवढं कळलेलं होतं की नावं शेवटी येतात. मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? काहीच नाही. ताराबाईंचं कोण ऐकणार होतं? संध्याकाळी शाल मिळाली असती, पोरीला पदवी मिळाली असती. पण तिचं ते ‘बिननावाचं’ काही डोक्यातून जाईना. त्या गावाला बिननावाचं राजाने केलं नव्हतं, मी केलं होतं, भाताच्या दुसऱ्या वाढीसाठी.

मी उठलो. अध्यक्षबाईंनी विचारलं, प्रश्न आहे की टिप्पणी? मी म्हटलं, "कबुली आहे." आणि सांगून टाकलं. कुदळ, कालवण, रकाना, सगळं. पाठीमागे कुणीतरी हसलं. निमकर सर उभे राहिले. त्यांनी अतिशय सौम्यपणे सांगितलं की आठवण हा पुरावा नसतो, नोंद हा पुरावा असतो आणि नोंदीवर सही आहे. मी म्हटलं, ती नोंद मीच केली. ते म्हणाले, म्हणूनच ती विश्वसनीय आहे.

तेव्हा ताराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अक्षरं व्हती. माझ्या बोटांना लागलीत."

अध्यक्षबाई म्हणाल्या, आजी, प्रश्न असेल तर विचारा. ताराबाई म्हणाल्या, प्रश्न नाय, सांगते. तेवढ्यात दोन घंटा वाजल्या आणि चहाची सुट्टी झाली.

भारती मला व्हरांड्यात गाठेपर्यंत मी जिन्याकडे निघालो होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही कोरा लिहिलंत म्हणून मी जगाला सांगितलं की आमच्या माणसांना नाव नव्हतं. तीन वर्षं सांगतेय." मी मान खाली घातली. सेवेत असताना मेमो मिळाले, पण एवढं लागलं नव्हतं. मग ती आईकडे वळली आणि तिच्यावर मात्र चिडली, तू बोलली का नाहीस म्हणून. ताराबाई म्हणाल्या, आता बोलले तर घंटा वाजवली.

संध्याकाळी माझा सत्कार झाला. मला वाटलं होतं रद्द करतील. पण फ्रेम तयार होती, शाल आणलेली होती आणि निवेदकाला सकाळचं काहीच माहीत नव्हतं. त्याने खणखणीत आवाजात वाचलं, एक वेलांटीही कधी सुटली नाही. मी शाल घेतली. मध्ययुगाचा अभ्यास पुरावा बाजूला ठेवून समारंभ कसा पार पाडतो हे मी त्या दिवशी पाहिलं आणि त्यात मीही होतो.

परिषद संपल्यावरच्या रविवारी मी जुनी पेटी काढली. ब्रश होता, शाई मुंबईहून मागवली, कागद होता. भारती, ताराबाई आणि मी उलव्याकडे निघालो. गाव उठलं तेव्हा माणसांनी तो दगड सोबत नेला होता आणि तिकडच्या नव्या देवळात बसवला होता. दुतर्फा टॉवर उभे राहत होते, धुळीने रिक्षावाला शिव्या देत होता. भारतीने आदल्या दिवशी प्रबंधाची तारीख पुढे ढकलून घेतली होती, निमकर सर नाराज होते. ओळ सापडली तर नवीन प्रकरण लिहीन, असं ती म्हणत होती. नावं कुठली असतील याचे अंदाज ती करत होती आणि मी मनातल्या मनात देवाला, म्हणजे त्या गाढवालाच, हात जोडत होतो.

देऊळ चकाचक होतं. काळ्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर दगड ताठ उभा, गाढवाचे खूर अगदी चौथऱ्याला टेकलेले. देवळाच्या कमिटीतले एक गृहस्थ भेटले, हसतमुख माणूस. भारतीने विचारलं, दगड चौथऱ्यात किती खोल आहे? ते म्हणाले, खोल नाय, वर ठेवलाय, केमिकलने चिकटवलाय. मग अभिमानाने सांगितलं, "खालून वाकडातिकडा व्हता. सरळ उभा राहीना. कटर मारून लेवल केला."

कापलेला तुकडा कुठे गेला असं तिने विचारलं. ते म्हणाले, भरावात टाकला असेल. त्यांनी बोट दाखवलं त्या बाजूला सहापदरी रस्ता झाला आहे.

भारती पायरीवर बसली. मी पेटी घेऊन तसाच उभा. ती ओळ एका माणसाला कागदावर उतरवून घ्यायची होती आणि त्याला त्यासाठी पगारही मिळत होता. तो माणूस जेवत होता. मला रडू आलं हे लिहायला हरकत नाही, या वयात कुणी काही म्हणत नाही.

ताराबाईंनी मला विचारलं, आता कागद आणलाच आहे तर काय करणार? आणि मला एकदम सुचलं. मी मागच्या ओट्यावर जाडसर फडकं पसरलं, त्यावर ओला कागद ठेवला आणि म्हटलं, वहिनी, खाचा कुठे कुठे लागायच्या ते दाबून दाखवा. त्या म्हणाल्या, "मना लिवता येत नाय." मी म्हटलं, मलाही वाचता येत नाही, आपण दोघं सारखेच. त्यांनी डोळे मिटले. डाव्या कडेपासून अंगठा सरकवत नेला, थांबल्या, दाबलं. इथं खोल व्हतं. इथं कमी. इथं उभी लांब. इथं दोन जवळजवळ. मधे एकदा चुकल्या, म्हणाल्या नाय नाय, आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. हात दगड धूत असावा तसा फिरत होता. शेवटी म्हणाल्या, बस, इथं संपायची. मी हलक्या हाताने शाई टिपली. कागद धरून ठेवताना त्यांच्या बोटांना शाई लागली त्याबद्दल त्यांनी मला चांगलं सुनावलं.

त्या कागदावर आठ-दहा पांढरे खळगे आहेत. ते कुणालाही वाचता येणार नाहीत, निमकर सरांनी तर तो पाहायलाही नकार दिला. पण भारतीने तो प्रबंधाच्या शेवटी जोडला आहे आणि ‘बिननावाचं गाव’ हे प्रकरण काढून टाकलं आहे. ठशासोबत नोंदीचा कागद लागतो म्हणून तिने मला तो पुन्हा भरायला सांगितला. सरांचं म्हणणं, त्यातलं एक वाक्य अभ्यासाच्या भाषेत बसत नाही, ते गाळा. तिने गाळलं नाही.

चित्राखालील भाग, या रकान्यात मी लिहिलं आहे: ‘ओळ होती. ताराबाईंनी हात लावून पाहिली. मी पाहिली नाही, मी जेवायला गेलो होतो.’